तक्ता क्रमांक चार

मॅडमच्या नावापुढे आता सातशे चौदा आकडा आहे.
नातवानं फोनवर काढून दाखवला.
सातशे चौदा वेळा जगात कुणीतरी लिहिलं :
चिलवेरी, आणि कंसात साल.
मॅडम म्हणाल्या, इरण्णा,
यातले सहाशे तुझ्या रांजणाचे.

खरं आहे ते.
शहाऐंशीचा मे, पारा चव्वेचाळीस,
क्लोरोफॉर्म बाटलीत राहायला तयार नाही,
मेथॅनॉल त्याच्या मागोमाग,
सकाळी दोनास एक घातलेलं मिश्रण
दुपारी भलतंच काहीतरी,
आणि वीज गेली की शीतकपाट नुसतं कपाट.
मी कुंभार वेशीतून रांजण आणला सायकलवर,
ओली वाळू भरली, नळ्या गळ्यापर्यंत पुरल्या.
मॅडमनी तीन आठवडे मोजून बघितलं
आणि चार पानं लिहिली :
उष्ण हवेत मेद वेगळा करण्याची सुधारित रीत.
रांजणाला त्यात 'सच्छिद्र पात्र' म्हटलंय.
नॉर्वेतले लोकसुद्धा तिचा दाखला देतात.
तिथं कसलं ऊन, कुणास ठाऊक.

मॅडमचा जीव मात्र दुसऱ्या कामात.
विडी घरकुलातल्या एकसष्ट बाया,
पहाटे, चहासुद्धा न घेता,
बाकावर ओळीनं, दंड उघडे करून.
खायला धड नाही, अंगावर मांस नाही,
मग रक्तात एवढी चरबी येते कुठून?
हाच प्रश्न होता, दुसरा नाही.
मॅडमची आई नरसव्वा त्याच वस्तीतली,
रोजच्या हजार विड्या,
त्यातल्या शंभरेक कारखानदार छाट म्हणून फेकणार.
लेकीचा निबंध छापून आला तेव्हा म्हातारीनं विचारलं,
किती जणांनी घेतला?
अजून कुणी नाही, अम्मा.
म्हातारी म्हणाली, अंते?
म्हणजे, एवढंच?

तीस वर्षांत दोन दाखले.
दोन्ही मॅडमचेच, स्वतःच्या पुढच्या निबंधात.
उखाण्यात बायका नवऱ्याचं नाव घेतात,
हिनं आपलंच घेतलं, दोनदा.

तिसरा यंदा आला, संक्रांतीनंतर, गड्डा चालू असताना.
पोर्तोचा कुणी विद्यार्थी.
लिहितो : तक्ता क्रमांक चारमधली बेरीज
आणि खालची सरासरी जुळत नाही.
ऐंशीचा फरक पडतो.

मॅडमनी मला बोलावून घेतलं.
माळ्यावरची खाकी वही उतरवली,
एक कोपरा वाळवीनं नेलेला.
बाई क्रमांक सदतीस. अक्षर माझं.
एकशे ब्याण्णव.
माझा ९ तेव्हा घाईचा, पोट मिटलेला,
कुणालाही १ वाटावा असा.
टायपिस्टानं एकशे बारा केलं.
सरासरी मॅडमनी वहीवरूनच काढलेली, ती बरोबर,
तक्ता तेवढा चुकला
आणि तसाच छापला गेला.

मला घाम फुटला.
माझं नाव कुठं नाही त्या निबंधात, आभारात एक ओळ आहे,
पण चूक माझी, आणि ती पोर्तुगालपर्यंत गेलेली.
मॅडम कितीतरी वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसल्या.
मग म्हणाल्या,
चौथ्या तक्त्यापर्यंत कुणीतरी आलं, इरण्णा.
बेरीज करून बघितली त्यानं.

जेवायला थांबवलं मला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर सुटलेलं तेल.
ओलेइक, त्या बोट बुडवून म्हणाल्या, सवयीनं.
संध्याकाळी त्या पोराला पत्र धाडलं,
चूक कबूल केली, वहीच्या पानाचा फोटो जोडला,
आणि ९ कसा काढतात ते शेजारी काढून दाखवलं.

सदतीस नंबरची बाई कोण होती, सांगता येणार नाही.
नावं लिहायची नाहीत असं ठरलेलं.
एक आठवते, तीच असेल असं नाही :
सुई निघायच्या आत उठायला लागली,
म्हणाली, सोड की रे, हजार भरायच्यात अजून.